ज्याचे त्याचे आभार

मालिनीबाईंच्या पंचाहत्तरीचा फोटो हिमानीने संध्याकाळी फेसबुकवर टाकला, आणि सकाळी चहाचा कप घेऊन मालिनीबाई बघतात तो फोटोखाली शुभेच्छांची ही रांग लागलेली. मिरजेच्या कन्याशाळेतल्या जुन्या शिक्षिका, त्यांच्या हाताखालून गेलेल्या आणि आता स्वतः आज्या झालेल्या विद्यार्थिनी, भाचे, पुतण्या, पुण्याची शरयू, नागपूरचे व्याही विष्णुपंत, शिवाय इथले डब्लिनचे शेजारी. डब्लिन म्हणजे अमेरिकेतल्या ओहायोतलं, हे मालिनीबाईंना मिरजेच्या प्रत्येक फोनवर समजावून सांगावं लागे. एवढी माणसं तर त्यांच्या लग्नालाही नव्हती.

"अगं हिमानी, एवढ्या सगळ्यांना मी उत्तरं कधी देऊ?"

हिमानी एका हाताने डबा भरत होती आणि दुसऱ्या हाताने गाडीची किल्ली शोधत होती. "एक कॉमन थँक्यू टाकून दे ना आई. 'सर्वांचे मनःपूर्वक आभार.' संपला विषय."

"सगळ्यांना मिळून एकच?"

"असंच करतात सगळे."

"हळदीकुंकवाला बायका आल्या की दारात उभं राहून सगळ्यांवर एकदम कुंकू उधळतात का गं? एकेकीपुढे जाऊन लावावंच लागतं ना?"

"आई, मला उशीर होतोय," असं म्हणून हिमानीने किल्ली शोधून काढली. ती तिच्याच हातात होती.

बुटाची नाडी बांधत बसलेली सलोनी मात्र आजीच्या बाजूने होती. "आजी इज राइट, मॉम. यू शुड रिप्लाय टु इच पर्सन. नाहीतर रूड वाटतं."

"बघ! तेराव्या वर्षी पोरीला कळतं."

सलोनीने आजीचा फोन घेतला आणि भराभर दाखवलं. हे इथे 'उत्तर द्या' दाबायचं. दाबलं की त्या माणसाचं नाव येतं. मग या माइकवर बोट ठेवून मराठीत बोलायचं, अक्षरं आपोआप उमटतात. "अँड आजी, वन मोअर थिंग..." एवढ्यात बाहेर पिवळी बस थांबली, सलोनी धावली आणि शिकवणीचा उरलेला भाग बसमध्ये बसून निघून गेला.

सर्वांत शेवटी सुशांत निघाला. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला लॅपटॉपची बॅग. बघणाऱ्याला वाटावं, जावई ऑफिसला निघाले. प्रत्यक्षात ते गावातल्या लायब्ररीत जाऊन बसत. कंपनीने एका सकाळी एका मीटिंगमध्ये अख्खी टीमच कमी केली, त्यात सुशांतही गेला. घरातल्या सगळ्यांचा व्हिसा त्याच्या नोकरीला टांगलेला. दोन महिन्यांत दुसरी नोकरी मिळाली नाही तर गाशा गुंडाळून परत, आणि त्यातला बराचसा काळ उलटून गेला होता. गुरुवारी एका ठिकाणी शेवटची मुलाखत होती.

ही गोष्ट घराबाहेर एकाच माणसाला कळता कामा नव्हती. सुशांतचे वडील, विष्णुपंत. वीज मंडळातून निवृत्त झालेले, बायपास झालेले, आणि रोज सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या मंडळींना 'आमच्या सुशांतची कंपनी' हे शब्द ऐकवल्याशिवाय ज्यांची फेरी पुरी होत नसे असे गृहस्थ. "मुलाखत होऊ दे, काहीतरी हातात येऊ दे, मग मीच सांगेन. नुसतं 'गेली' असं सांगायला मला जमणार नाही," असं सुशांतने सांगितलं होतं, आणि मालिनीबाईंनी त्याला देवासमोर उभं राहून शब्द दिला होता.

"येतो आई," सुशांत म्हणाला. "गरम पाणी थर्मासात ठेवलंय. गोळी विसरू नका."

"नाही विसरत. जा तुम्ही सावकाश."

घर रिकामं झालं. मालिनीबाईंनी चष्मा पुसला, खिडकीजवळची खुर्ची ओढली आणि पहिल्या नावावर बोट ठेवलं.

आता, आभार मानणं हा प्रकार मालिनीबाईंना मुळात अवघड जाई. त्यांच्या घरात कुणी कुणाचे आभार मानत नसत. पाण्याचा तांब्या दिल्यावर 'थँक्यू' म्हणणारा माणूस हा परका, किंवा रागावलेला. आभार मानायचे ते व्यासपीठावर, शाल-श्रीफळ देऊन झाल्यावर, आणि तेही लोक उठू लागलेले असताना. आपल्या माणसाला कोरडं 'धन्यवाद' म्हणणं म्हणजे त्याला उंबऱ्याबाहेर उभं करणं. आपल्या माणसाला त्याने काय केलं त्याची आठवण सांगायची. तुझं मी विसरले नाही, एवढं त्याला कळलं म्हणजे झालं. आणि आठवणींच्या बाबतीत मालिनीबाईंकडे काही कमी नव्हतं. कुणी कोणत्या आजारपणात कोणत्या वाटीतून पेज आणली होती, ती वाटी परत केली की नाही, सगळं त्यांना लख्ख आठवे.

'उत्तर द्या' दाबलं की खरंच त्या माणसाचं नाव येत होतं. मालिनीबाई खूश झाल्या. नाव आलं म्हणजे पत्ता आला. पत्ता आला म्हणजे पत्र त्याच घरी जाणार. पोस्टाने आयुष्यभर त्यांचा हा विश्वास कधी मोडला नव्हता.

पहिली शरयू. शाळेपासूनची मैत्रीण. "शरयू," मालिनीबाई माइकवर बोट दाबून मायेने बोलू लागल्या, "माझ्या हिमानीच्या बारशाला आचारी आलाच नाही, तेव्हा तू तासाभरात डबा भरून पुरणपोळ्या घेऊन धावलीस ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्या तू कोपऱ्यावरच्या गोखलेबाईंकडून विकत आणल्या होत्यास हे मला पहिल्या घासालाच कळलं होतं. पण त्याने काय झालं? वेळेला धावलीस."

दुसरी रुचा. मालिनीबाईंची विद्यार्थिनी, आता कोल्हापुरात मुख्याध्यापिका. "रुचा बाळ, शाळातपासणीच्या दिवशी साहेबांच्या प्रश्नाला तू खाडकन उत्तर दिलंस आणि माझी लाज राखलीस. ते उत्तर मी तुझ्याकडून आदल्या दिवशी पाठ करून घेतलं होतं हे आपण दोघींनी आजवर कुणाला सांगितलं नाही. गुणाची पोर."

मग शेजारच्या घरातला देवांग. तो आणि त्याची बायको सावनी, दोघं पुण्याची, दोघं कॉम्प्युटरवाली. देवांग मंगळवारी घरून काम करी. "देवांग, तू मंगळवारी दुपारी साबुदाणा वडे खायला येतोस त्याने मला किती सोबत होते म्हणून सांगू! सावनीच्या त्या डाएटपायी तुझ्या पोटाचे होणारे हाल मला बघवत नाहीत. असाच मागच्या दाराने येत जा. मी कुणाला सांगणार नाही."

विष्णुपंतांच्या शुभेच्छांपाशी आल्यावर मात्र मालिनीबाई सावध झाल्या. इथे एक शब्दही वावगा जाता कामा नये. तीनदा विचार करून त्यांनी मोजकंच उत्तर दिलं आणि त्या पुढच्या नावाकडे वळल्या. पुढचं नाव सुशांतचं होतं.

जावयाने एकाच ओळीत लिहिलं होतं, 'आईंना खूप खूप शुभेच्छा.' ती ओळ वाचून मालिनीबाईंचे डोळे भरून आले.

"सुशांतराव," त्या म्हणाल्या, "नोकरी गेल्याचं एवढं ओझं डोक्यावर असताना काल तुम्ही एकट्याने बसून माझ्यासाठी फुगे फुगवलेत. त्यातला एक फुटला तेव्हा तुम्ही दचकून माझ्याकडे बघितलंत आणि हसलात, ते हसू मी जपून ठेवलंय. पोटच्या मुलाने केलं नसतं एवढं तुम्ही माझं करता. गुरुवारच्या मुलाखतीत यश मिळो. विष्णुपंतांना यातलं काहीही कळू देणार नाही. निश्चिंत असा."

आणि त्यांनी बाणाच्या चिन्हावर बोट टेकवलं.

तासाभरात फोन वाजला. इकडे सकाळ म्हणजे पुण्यात संध्याकाळ. पडद्यावर शरयू होती आणि तिचा चेहरा लाल दिसत होता.

"मालू, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"का गं? उत्तर मिळालं ना माझं?"

"मिळालं की! मला मिळालं, माझ्या भिशीला मिळालं, सोसायटीच्या वॉचमनला मिळालं!"

"अगं, मग तू दाखवलंस कशाला त्यांना?"

"मी दाखवलं? मी?" शरयूचा आवाज चिरकला. "तिकडे रत्ना बघ, स्वयंपाकघरात ओट्याला धरून हसतेय. लग्न होऊन आल्यापासून माझ्या सुनेला मी सांगतेय, हिमानीच्या बारशाला मी तासाभरात पोळ्या लाटल्या, आणि तुला एक पोळी धड फुगवता येत नाही म्हणून! तिने तुझ्या उत्तरावर लाल बदाम टाकलाय. लाल!"

मागून रत्नाचा आवाज आला, "मालूमावशी, फार फार आभारी आहे हं!"

"पण शरयू, मी ते तुला एकटीला लिहिलं होतं. तुझं नाव आलं होतं वर."

"मालू, नाव आलं तरी सगळ्यांना दिसतं ते. चौकातल्या फळ्यावर लिहिल्यासारखं असतं. तुला कुणी सांगितलं नाही?"

मालिनीबाईंना एकदम सलोनीचं 'वन मोअर थिंग' आठवलं. त्यांनी फोन ठेवला. शरयूचं सगळ्यांना दिसलं. म्हणजे रुचाचंही दिसलं. देवांगचंही. म्हणजे सुशांतरावांचं...

त्या उठल्या, पुन्हा बसल्या. देवाकडे बघितलं. देव नेहमीसारखेच होते. काहीतरी ताबडतोब करायला हवं होतं आणि पुसायचं कसं हे त्यांना माहीत नव्हतं. हिमानीचा फोन लागेना. तेव्हा शाळेत असताना एखादी चुकीची नोटीस वर्गावर्गातून फिरली की त्या जे करत, तेच त्यांनी केलं. दुसरी नोटीस काढली. माइकवर बोट ठेवून शांत, स्पष्ट आवाजात त्या म्हणाल्या,

"सर्वांना नम्र विनंती. मी आमच्या जावयांना, म्हणजे सुशांतरावांना लिहिलेलं उत्तर खासगी आहे. ज्यांनी ते वाचलं नसेल त्यांनी वाचू नये. ज्यांनी वाचलं असेल त्यांनी विसरून जावं. विशेषतः नागपूरच्या विष्णुपंतांना कुणीही दाखवू नये. आपली, मालिनी."

ही नोटीस स्वतंत्रपणे, सर्वांत वर, सगळ्यांना दिसेल अशी लागली. एवढं मात्र त्यांना पहिल्याच प्रयत्नात जमलं.

तोवर त्या उत्तराकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. नोटीस वाचल्यावर मात्र प्रत्येक जण आधी ते उत्तर शोधायला गेला. 'काय झालं मावशी?' 'सुशांतला काय झालं?' 'अरेरे, कधी गेली?' 'मी काहीही वाचलेलं नाही, काळजी नसावी, सुशांतला दुसरी मिळेल.' अशी उत्तरं येऊ लागली. न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला शिकणारा भाचा अमेय फारच तत्पर. त्याचा फोनच आला.

"मावशी, टेन्शन नको घेऊ. मी फॅमिलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलंय, की मालूमावशीचा तो रिप्लाय कुणी वाचू नका म्हणून."

"शहाणा माझा. कोणता रिप्लाय ते नाही ना लिहिलंस?"

"लिहिलं नाही गं. लोक कन्फ्यूज होतील ना, म्हणून त्याचा फोटोच जोडलाय."

"अमेय, त्या ग्रुपवर विष्णुपंत आहेत ना रे?"

 पलीकडून अगदी बारीक आवाज आला, "ओह यार."

तेवढ्यात मागचं दार वाजलं. दारात सावनी, ऑफिसातून तशीच उठून आलेली. हातात फोन, आणि चेहरा असा की मालिनीबाईंनी आपण होऊनच बोलायला सुरुवात केली.

"सावनी, रागावू नकोस गं देवांगवर. तुझ्या डाएटने बिचारा उपाशी राहतो..."

"माझं डाएट? काकू, माझं?" सावनी आत येऊन धपकन खुर्चीवर बसली. "डाएट त्याचं आहे! जानेवारीपासून मला दुपारी गवत खायला लावतोय. 'आपण दोघं मिळून करू सावनी, एकमेकांना मोटिव्हेट करू.' मी ऑफिसात काकडी चावत बसते आणि हा इथे वडे हाणतो?"

 घरात आलेल्या माणसाचं तोंड कोरडं ठेवू नये एवढं मालिनीबाईंना कळत होतं. कालचे दोन वडे उरले होते. ते त्यांनी गरम करून दह्याबरोबर पुढे ठेवले. पहिला वडा सावनीने दोन घासांत संपवला. दुसरा अर्धा संपल्यावर म्हणाली, "काकू, मंगळवारी मीही सुट्टी घेते. बघू दे त्याचं तोंड मला."

मग तिचं मालिनीबाईंच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. "पण तुम्हाला काय झालं? आणि हे विष्णुपंत कोण, ज्यांना काही दाखवायचं नाही?"

मालिनीबाईंनी सगळं सांगितलं. सावनीने हात पुसले, त्यांचा फोन घेतला आणि आधी नोटीस, मग सुशांतचं उत्तर, दोन्ही पुसून टाकलं. पुसता पुसता ती थबकली.

"काकू, एक सांगू का? विष्णुपंतांनी त्या रिप्लायला लाइक दिलं होतं."

मालिनीबाईंनी टेबल घट्ट धरलं. मग त्यांना एक अंधुक आशा दिसली. "ते सगळ्यालाच देतात गं. न वाचता. मागे कुठेतरी पूल पडल्याची बातमी होती, तिलाही त्यांनी अंगठा दिला होता."

"मग असेल तसंच. इंडियात आता झोपायची वेळ झाली. सकाळी काय ते कळेल."

ती दुपार मालिनीबाईंना फार मोठी गेली. एरवी त्या नागपूरच्या झोपेचा विचार कधी करत नसत. आज त्यांना सारखं दिसत होतं, की एक बायपास झालेला माणूस अंधारात छताकडे बघत पडला आहे. हिमानीने ऑफिसातून दोनदा फोन केला. पहिल्यांदा ओरडण्यासाठी, दुसऱ्यांदा ओरडल्याबद्दल सॉरी म्हणण्यासाठी. सलोनी शाळेतून आली ती दारातूनच म्हणाली, "आजी! एव्हरीवन कॅन सी इट! दॅट वॉज द वन मोअर थिंग!"

आणि मग सुशांत आला. बॅग ठेवली, हात धुतले, आणि येऊन सासूबाईंसमोर बसला.

"मी वाचलं," तो म्हणाला.

"सुशांतराव, मी तुम्हाला शब्द दिला होता. देवासमोर दिला होता. मला माफ..."

"आई, ऐका ना." त्याने त्यांचा हात धरला. "दीड महिना मी रोज ईमेल वाचतोय. सगळ्यांत एकच. 'वी रिग्रेट.' लायब्ररीत बसून आज तुमचं ते फुग्याचं वाचलं. पुन्हा वाचलं. शेजारची बाई विचारायला लागली, आर यू ओके? मी ओके होतो, आई. बऱ्याच दिवसांनी."

मालिनीबाईंनी पदराने डोळे पुसले. हिमानीने विनाकारण फ्रिज उघडला आणि बंद केला.

"पण बाबांना मी आज फोन नाही केला," सुशांत हळूच म्हणाला. "धीर नाही झाला."

जेवायला बसले तेव्हा बाहेर अजून उजेड होता. नागपुरात पहाट झालेली. वरणभाताचा पहिला घास घेतला न घेतला तोच टेबलावरचा फोन गुरगुरू लागला. व्हिडिओ कॉल. सुशांतने बोट लावलं आणि पडदाभर विष्णुपंतांचं कपाळ उगवलं.

"सुशांत, विहीणबाई आहेत का तिथे?"

"आहेत बाबा. बाबा, मला तुम्हाला एक..."

"तू थांब. आधी त्यांना दे फोन."

मालिनीबाईंनी पदर सारखा केला आणि दोन्ही हातांनी फोन घेतला. "विष्णुपंत, सगळी चूक माझी आहे. सुशांतरावांचा काही दोष नाही..."

"ते राहू द्या," विष्णुपंत म्हणाले. त्यांचा आवाज दुखावलेला होता यात शंका नव्हती. "मला एक सांगा. माझं काही चुकलं का?"

"तुमचं?"

"रात्रभर विचार करून राहिलो मी. साऱ्या दुनियेला तुम्ही इतकं भरभरून लिहिलं. त्या शरयूबाईंना पोळ्यांचं लिहिलं. त्या शेजारच्या पोराला वड्यांचं लिहिलं. मी सारे वाचले, एकूण एक. आणि मला काय लिहिलं? 'धन्यवाद. तब्येत सांभाळा.' बस! इतक्या वर्षांचे संबंध आपले. मी काय बँकेचा मॅनेजर आहे?"

मालिनीबाईंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या गडबडीने म्हणाल्या, "अहो, तसं नाही हो. तुम्हाला लिहिताना मला फार जपावं लागलं. सुशांतरावांच्या नोकरीचं चुकून निघेल तोंडून, तुम्हाला कळेल..."

"मला कळेल?" कपाळ मागे सरकलं आणि पडद्यावर पहिल्यांदा पूर्ण चेहरा दिसला. "मला तर केव्हाचं ठाऊक आहे."

सुशांत उठून सासूबाईंच्या मागे आला.

"कुणी सांगितलं बाबा?" सुशांतने सासूबाईंच्या खांद्यावरून विचारलं.

"तूच सांगितलं. नोकरी होती तेव्हा पंधरा दिवसांतून एक फोन, तो पण 'बाबा, मीटिंग आहे, नंतर करतो.' आता रोज करून राहिला. अर्धा अर्धा तास. परवा विचारलं, बाबा, आज भाजी कोणती केली? वांग्याची म्हटलं तर विचारतो, कशी केली. नोकरीवाला माणूस बापाला वांग्याची भाजी विचारते काय रे?"

"मग बोलला का नाही तुम्ही?"

विष्णुपंतांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"बोललो असतो तर तू लाजला असता. लाजला असता तर फोन बंद केला असता." ते दुसरीकडे बघत म्हणाले. "तुझी आई गेल्यापासून संध्याकाळ खायला उठते इथे. तुझा फोन यायचा म्हणून मी सहा वाजताच आंघोळ करून बसत होतो."

मालिनीबाईंनी फोन सुशांतच्या हातात दिला. तो उठून मागच्या अंगणात गेला. बराच वेळ तो गवतावरून फेऱ्या मारत होता आणि काचेतून त्याचे फक्त ओठ हलताना दिसत होते. एकदा तो हसला. एकदा शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. पानातला भात गार झाला, पण कुणी त्याला बोलावलं नाही.

दुसऱ्या दिवशी मालिनीबाईंनी विष्णुपंतांना पुन्हा उत्तर लिहिलं. या वेळी सगळ्यांना दिसतं हे माहीत असून लिहिलं. हिमानी पहिल्यांदा एकटी अमेरिकेला निघाली तेव्हा नागपूरहून रात्रभर प्रवास करून मुंबईच्या विमानतळावर येऊन उभे राहिलेले विष्णुपंत, त्यांनी सुनेच्या हातात दिलेला संत्र्याच्या बर्फीचा डबा, आणि ती आत गेल्यावर काचेच्या पलीकडे काही दिसत नसताना हलवत राहिलेला हात. खाली लाल बदामांची रांग लागली. त्यात पहिला रत्नाचा होता. मुख्याध्यापिका रुचानेही लिहिलं, की बाई, तुमच्या त्या उत्तरापासून आमच्या स्टाफरूममध्ये सगळे फार मोकळेपणाने हसतात, आभारी आहे.

गुरुवारी मुलाखत झाली. पुढच्या आठवड्यात, मुदत संपायला थोडेच दिवस उरले असताना, सुशांतला नोकरी मिळाली. इथेच, शेजारच्या कोलंबस शहरात. त्याने आधी नागपूरला फोन लावला. विष्णुपंत "शाब्बास" म्हणाले, "देव पावला" म्हणाले, आणि मग जरा खाकरून म्हणाले, "म्हणजे आता फोन पुन्हा पंधरा दिवसांनी का?"

"रोज करेन, बाबा. गाडीतून जाताना."

"गाडी चालवताना फोन करू नको. पोचल्यावर कर. भाजी सांगीन."

सगळं असं सुखाने चाललेलं असताना रविवारी सकाळी हिमानीची किंकाळी ऐकू आली. "आई! सुशांत! बाबांनी काय लिहिलंय बघा!"

विष्णुपंतांनी आयुष्यात पहिल्यांदा अंगठा सोडून काहीतरी टाकलं होतं. पत्रासारखं, नमस्कारापासून सुरू झालेलं. 'ज्या कंपनीने आमच्या चिरंजीवांना नोकरीवरून कमी केले, त्या कंपनीचे मी या ठिकाणी जाहीर आभार मानतो. आपल्यामुळे मला माझा मुलगा दोन महिने रोज संध्याकाळी भेटला. हे उपकार मी विसरणार नाही. आपल्या कंपनीची अशीच भरभराट होवो.' आणि ज्याचे त्याचे आभार ज्याला त्याला पोचावेत म्हणून त्यांनी कंपनीला नावानिशी टॅग केलं होतं. जुन्या कंपनीला. मग न्याय सारखा असावा म्हणून नवीलाही.

"सुशांत, आत्ता फोन कर त्यांना! म्हणावं डिलीट करा!" हिमानी म्हणाली. "तुझा नवा बॉस बघेल! ट्रान्सलेट दाबलं की सगळं कळतं यार त्यांना!"

सुशांत कपाळाला हात लावून हसत होता. हसता हसता त्याला बोलता येईना. मालिनीबाईंनी फोन आपल्याकडे ओढला, चष्मा नाकावर सारला आणि विष्णुपंतांचं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश वाचलं. मग खाली काय आहे तेही बघितलं.

"अगं, थांब. उत्तर आलंय."

"कुणाचं?"

"कंपनीचं. जुन्या." मालिनीबाई एकेक इंग्रजी शब्द लावून वाचू लागल्या. "डिअर विष्णू, थँक्यू फॉर युअर काइंड वर्ड्स. इट इज अ प्लेझर टु सर्व्ह यू."

हिमानी मटकन सोफ्यावर बसली. "आई, ते मशीन पाठवतं. कुणी वाचलेलं नसतं."

"असेल," मालिनीबाई म्हणाल्या. "पण एवढी मोठी कंपनी, आणि माणसाला नाव घेऊन वेगळं उत्तर दिलं. सगळ्यांना मिळून एक नाही टाकलं." आणि त्यांनी समाधानाने त्या उत्तराला आपला अंगठा दिला.